म्हातारा पेशंट आणि तरुण डॉक्टर



वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. यंदा आठव्या खंडातला आजारी भिक्खूचा प्रसंग आला. तो अतिसाराने लोळागोळा होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी विचारले, तुझी सेवा कोण करते? तो म्हणाला, कोणी नाही. मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी पाहत नाही. तेव्हा तथागतांनी पाणी आणवून स्वतः त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले.

वाचन संपले, मंडळी उठली. आमच्या चाळीतल्या एका गिरणी कामगाराचा नातू मागे बसला होता. पोरगा डॉक्टर झाला आहे, सध्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करतो. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान! तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, खरं सांगू? वॉर्डात म्हातारा पेशंट आला की माझ्या पोटात गोळा येतो. हा दुसऱ्या युनिटला गेला तर बरं, हाच विचार आधी येतो. आज ऐकताना लाज वाटली."

मला त्याचा राग आला नाही. एवढे खरे बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. मी त्याला बसवून घेतले आणि विचारले, असे का वाटते बाळा?

तो म्हणाला, तरुण माणूस मलेरियाने येतो, चार दिवसांत बरा होऊन हात जोडून घरी जातो. आम्हालाही काही केल्यासारखे वाटते. म्हाताऱ्या माणसाला साखर, ब्लडप्रेशर, किडनी, दमा सगळे एकदम असते. एकाचे औषध द्यावे तर दुसरे उसळते. कानाने ऐकू येत नाही, आजाराचे विचारले तर गावच्या गोष्टी सांगतात आणि बाहेर ओपीडीची रांग दारापर्यंत गेलेली असते. रात्रभर जागलेल्या डॉक्टरकडे धीर कुठून येणार? शिवाय कितीही केले तरी काही पेशंट जातातच. मग वाटते, आपल्याला काही येतच नाही.

वाचकहो, ही एकट्या आपल्या पोराची गोष्ट नाही. अमेरिकेत 1978 साली एका डॉक्टरने शिकाऊ डॉक्टरांच्या जीवनावर कादंबरी लिहिली. तिच्यात ते म्हाताऱ्या रुग्णांना आपसात एका कुचेष्टेच्या नावाने हाक मारतात आणि त्या नावाचा अर्थ होतो, 'माझ्या इमर्जन्सी रूममधून चालता हो'. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी 1969 साली स्वतंत्र नावच दिले आणि तिला वंशभेदाच्या पंक्तीला बसवले. माणसाला जन्मावरून हलके ठरवणे काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वयावरून हलके ठरवणे ही त्याचीच बहीण!

पण म्हातारपणाला औषध नाही, हे तरी खरे आहे का? लंडनमध्ये 1935 च्या सुमारास मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंच्या हाती शेकडो जुने रुग्ण सोपवले गेले. वर्षानुवर्षे ते खाटेवर पडून होते. बाईंनी एकेकाला नीट तपासले, उठवून बसवले, चालायला लावले. त्यातले कितीतरी जण घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकाची पायाभरणी तिथे झाली. आपल्या देशात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण 1996 साली मद्रास मेडिकल कॉलेजात सुरू झाले.

हे शास्त्र वेगळे का लागते, तेही ध्यानात घ्या. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी कधी ताप येत नाही. हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखत नाही, नुसता घाम येतो, दम लागतो. लघवीत जंतू झाले की माणूस एकाएकी बरळू लागतो आणि आपण म्हणतो, म्हातारा चळला! घाईतला डॉक्टरही 'वयोमानाने होते' असे म्हणून पुढे गेला, तर बरा होणारा आजार हातचा जातो.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आपल्याला नवे नाही. कल्याण, भिवंडी, शहापूरपर्यंतचा गरीब तिथे जातो. ऑगस्ट 2023 मध्ये या पाचशे खाटांच्या रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. त्यातले 12 जण पन्नाशी उलटलेले होते. ठाण्याचे सिव्हिल रुग्णालय नव्या बांधकामासाठी हलवले गेले होते आणि भार कळव्यावर पडला होता. चौकशी समिती नेमली गेली. दोष कोणाचा, हे मी ठरवणार नाही. पण गर्दी वाढली की पहिला धक्का म्हाताऱ्या गरिबाला बसतो, हे तर उघड आहे.

आता स्वतःच्या घरचे सांगते. माझे सासरे एका सरकारी रुग्णालयात होते. तिथे एका तरुण डॉक्टरने त्यांना "ए म्हाताऱ्या, हात दे" म्हटले. मी फार भांडले. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बाई, तीन रात्री यांच्याजवळ कोणी नव्हतं. पाणी मागत होते." मी गप्प झाले. मी कामावर, मालक रात्रपाळीला, मुलांची परीक्षा. कारणे खरी होती. पण सासऱ्यांची तहानही खरीच होती ना?

म्हणून डॉक्टरांना बोल लावण्याआधी आपण काय करायचे, ते ऐका. रुग्णालयात नेताना घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, झाडपाला एका पिशवीत घालून न्या आणि काही लपवू नका. आजारापूर्वी आजी काय करत होत्या ते सांगा: स्वतः चालायच्या, पाणी भरायच्या, पेपर वाचायच्या. म्हणजे डॉक्टरला कळते की ही खाटेवरची गाठोडी नाही, कालपर्यंत उभी असलेली बाई आहे. चष्मा आणि दाताची कवळी जवळ ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. एका घराला जमत नसेल तर विहाराने पाळ्या लावाव्यात. जयंतीची वर्गणी काढणाऱ्या मंडळांना हे अवघड नाही!

हक्कही माहीत असू द्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात साठ वर्षांवरील माणसांसाठी सरकारी रुग्णालयात वेगळी रांग आणि शक्य तितक्या खाटा देण्याची तरतूद आहे. 2010 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वॉर्ड सांगितला आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्याचे वय वंदना कार्ड काढून घ्या. तक्रार किंवा मदतीसाठी 14567 हा ज्येष्ठांचा फोन आहे.

त्या पोराला मी शेवटी एवढेच सांगितले. महावग्गात चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे आहेत. त्याला औषध कळावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मलमूत्राची किळस नसावी, मन लोभाने नव्हे तर मैत्रीने भरलेले असावे आणि रुग्णाला धीर देता यावा. पहिली दोन तुला कॉलेजने शिकवली. उरलेली तीन विहारात शिकायची आहेत. आणि पेशंटलाही तिथे सोडलेले नाही. रुग्णाने आपला आजार खरा सांगावा, पथ्य पाळावे, असे त्यालाही बजावले आहे.

परवा तो भेटला. म्हणाला, "मावशी, गोळा अजून येतो. पण आता आधी स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, बाबा, तुम्ही कुठल्या गिरणीत होता?"

बाबासाहेबांच्या पुण्याईने आपली पोरे खाटेच्या त्या बाजूला उभी राहिली आहेत. खाटेवरचा म्हातारा आपलाच आहे, एवढे त्यांनी विसरू नये. आणि त्याला खाटेवर एकटे टाकून येणारेही आपणच असतो, हे आपण विसरू नये.

जयभीम!