पत कोणाची तपासायची?

जबलपूरच्या गन कॅरेज, खमरिया आणि व्हेईकल या कारखान्यांनी कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना कायम नोकरी दिली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने देशातील ४१ आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या आणि त्या स्थैर्यालाच हादरा बसला. अशा कामगार वस्त्यांतील सुशिक्षित तरुणांना सरकारी बँकेची नोकरी हा उरलेल्या मोजक्या आधारांपैकी एक वाटतो. परंतु परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही त्यांना आणखी एक चाळणी पार करावी लागते. ती म्हणजे सिबिलची नोंद.

कर्ज वा क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि प्रतिकूल नोंद असलेला उमेदवार स्टेट बँकेने आपल्या भरतीत अपात्र ठरवला. अशाच एका उमेदवाराची २०२१ मध्ये रद्द झालेली नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये रद्दच ठेवली. इतर सरकारी बँकांच्या सामायिक भरतीतून किमान गुणांची अट काढल्याचे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. तथापि रुजू होताना नोंद निर्दोष हवी, अन्यथा कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणावे, ही अट कायमच राहिली. अट सौम्य झाली, तत्त्व बदलले नाही.

जनतेच्या ठेवी सांभाळणारा माणूस सचोटीचा असावा, याबद्दल दुमत नाही. पण थकबाकी म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे. शैक्षणिक कर्ज काढून पदवी घेतलेल्या तरुणाचे हप्ते थकतात ते नोकरी नसल्यामुळे. आणि हप्ते थकले म्हणून नोकरी नाकारायची, म्हणजे बेकारीची शिक्षा बेकारीनेच द्यायची! शिवाय हा निवाडा ज्या नोंदींवर होतो, त्या ठेवणाऱ्या सिबिलची मालकी प्रामुख्याने शिकागोच्या ट्रान्सयुनियन कंपनीकडे आहे. नोंदीतील चूक ३० दिवसांत सुधारली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हातची गेलेली नोकरी मात्र त्यातून परत मिळत नाही.

अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार गृहकर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला परवान्यासाठी आपला पतअहवाल द्यावा लागतो. त्याच वर्षी अरिष्ट ओढवणाऱ्या बड्या वित्तसंस्थांच्या बचावासाठी ७०० अब्ज डॉलर मंजूर झाले. भांडवलशाहीचा न्याय सर्वत्र सारखाच आहे. भारतातील सरकारी बँकांनी २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा वर्षांत सुमारे १२ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, असे सरकार सांगते. पण ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांशीही तडजोड करण्यास बँकांना मुभा दिली आणि ठरावीक काळानंतर त्यांना नव्या कर्जाचा मार्ग मोकळा ठेवला. बँक कर्मचारी व अधिकाऱ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला, तो रास्तच होता.

कर्जबुडव्या उद्योगपतीला एक वर्षानंतर पुन्हा पत मिळू शकते, मग कामगाराच्या मुलाला पहिली नोकरी का नाही? फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाल्याखेरीज केवळ थकबाकीपायी कोणाचीही नेमणूक अडवू नये. रुजू झाल्यावर पगारातून सुलभ हप्त्यांनी फेड करू द्यावी. तरुणांच्या आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी एकजुटीने लावून धरली पाहिजे.