फुकटचा घाम आणि दहा टक्क्यांचे दलाल

मागच्या महिन्यात आपल्याच पोरांनी भरवलेल्या मार्गदर्शन शिबिरात एक साहेब येऊन गेले. वय माझ्याएवढंच. अमेरिकेत शिकायला गेलेले, शिकता शिकता लॉस एंजेलिसच्या एका टॅलेन्ट एजन्सीत तीन महिने इंटर्न होते. पडद्यावर फोटो दाखवले. काचेची इमारत, ताडाची झाडं, टेबलावर चार फोन. म्हणाले, पगार नव्हता पण शिकायला मिळालं. कुठलंही काम हलकं समजू नका. आणि आपल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मी रात्रपाळी करून आलेलो, मागं उभा होतो. पहिल्या टाळीला माझेही हात उठले. मग खाली घेतले. का घेतले ते लिहितो.

कुठलंही काम हलकं समजू नका, हे आम्हाला सांगायला सातासमुद्रापलीकडून माणूस आणायची गरज नव्हती. तेवढं आम्हाला येतं.

टॅलेन्ट एजन्सी म्हणजे सरळ भाषेत दलाली. नट, लेखक, दिग्दर्शक यांना काम मिळवून द्यायचं आणि त्यांच्या कमाईतले दहा टक्के घ्यायचे. विल्यम मॉरिस नावाच्या माणसानं १८९८ साली न्यूयॉर्कात हे दुकान मांडलं. १९७५ साली त्याच कंपनीतले पाच एजंट फुटले आणि त्यांनी सीएए काढली. आज बेव्हर्ली हिल्स आणि सेंच्युरी सिटीत यांचे महाल उभे आहेत. आमच्या गोदीतले म्हातारे याला दुसरं नाव देतील. टोळीवाला. मुंबईच्या गोदीत टोळीवाला माणसं पुरवायचा आणि त्यांच्या मजुरीतून आपला वाटा कापायचा. १९४८ साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला तो अशांच्याच उरावर बसायला. आता कंत्राटदाराच्या नावानं तोच परत आलाय, पण ते वेगळं लिहीन.

एवढं खरं की एजंटाला गिऱ्हाइकानं कमावल्याशिवाय दमडी मिळत नाही. निदान तसं असायला पाहिजे. पण या दलालांनी पॅकेजिंग फी काढली. म्हणजे आपल्याच लेखकाला, नटाला एका गठ्ठ्यात बांधून स्टुडिओला द्यायचं आणि फी स्टुडिओकडून खायची. मजुराचा माणूस मालकाच्या ताटात जेवायला बसला. तो मजुराची मजुरी कशाला वाढवून मागेल? २०१९ च्या एप्रिलमध्ये सात हजारांहून जास्त लेखकांनी युनियनच्या सांगण्यावरून आपापल्या एजंटांना हाकललं. जवळजवळ दोन वर्षं लढले. २०२१ च्या फेब्रुवारीत शेवटच्या मोठ्या एजन्सीनं सही केली आणि पॅकेजिंग गुंडाळायचं कबूल केलं. साहेबांच्या फोटोत हे काही नव्हतं.

साहेबांनी मेलरूमची गोष्ट मात्र सांगितली. एजन्सीत टपाल वाटणारी पोरं पुढं मोठी झाली. बॅरी डिलर, मायकल ओव्हिट्झ, डेव्हिड गेफेन, सगळे विल्यम मॉरिसच्या टपालखोलीतून वर गेले. बरोबर आहे. पण गेफेनची गोष्ट साहेबांनी अर्धीच सांगितली. पदवी असल्याशिवाय त्या खोलीत घेत नव्हते. गेफेननं यूसीएलएची पदवी आहे असं ठोकून दिलं, आणि विद्यापीठाकडून खरं काय ते कळवणारं पत्र येणार म्हणून रोज टपालावर पाळत ठेवली. पत्र आलं ते त्यानं मधेच उचललं आणि बदललं. हे तो स्वतःच सांगत आलाय. मी मॅट्रिक आहे, मला हा माणूस आवडतो. पण त्याच्या गोष्टीतून मेहनतीचा धडा काढणाऱ्यांनी आधी सांगावं, आमच्यातल्या एखाद्यानं खोटं सर्टिफिकेट लावलं असतं तर तुम्ही त्याला दंतकथा केलं असतं की पोलीस चौकीत दिलं असतं?

आणि टपालखोलीला पगार होता. थोडका, पण होता. इंटर्न त्याच्याही खाली. फोन घ्या, कॉफी आणा, झेरॉक्स काढा. यात सगळ्यात मोठं काम म्हणजे कव्हरेज. ढिगानं पटकथा येतात. त्या वाचायच्या, कथेचा गोषवारा लिहायचा, आणि खाली शेरा मारायचा: घ्यावी की टाकावी. दोस्तहो, इथं थांबा. कुणाची गोष्ट पुढं जाईल याचा पहिला निकाल देणारा हा फुकटा पोरगा असतो. फुकट काम करणं त्याला परवडतं, कारण भाडं बाप भरतो, गाडी बापाची असते. त्याला कुठली गोष्ट खरी वाटणार? उपाशी माणसाची गोष्ट त्याला 'फार काळोखी' वाटणार. आमच्या कविता 'कच्च्या' म्हणून परत पाठवणारे संपादक काय आकाशातून पडले होते? चाळणी आधी लावली जाते, मग म्हणतात यांच्यात टॅलेन्ट नाही.

जिचा धंदाच माणसाच्या कामाला भाव मिळवून द्यायचा, त्या एजन्सीला आपल्याच टेबलावरच्या पोराच्या कामाला भाव द्यायला जमत नाही. च्यायला, याला काय म्हणायचं?

कायदा काय म्हणतो ते बघा. १९४७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात रेल्वेच्या यार्डातल्या शिकाऊ ब्रेकमनांचा खटला गेला. पोर्टलंड टर्मिनल कंपनी. सात-आठ दिवसांचं शिक्षण. कोर्ट म्हणालं, हे कामगार नव्हेत, शिकाऊ आहेत, किमान वेतनाचा कायदा यांना लागू नाही. मजूर गड्यांच्या त्या आठवड्यावर आज काचेच्या इमारतींतली तीन-तीन महिन्यांची फुकटेगिरी उभी आहे. त्या रेल्वेवाल्यांना निदान १९४३ पासून, पास झाल्यावर का होईना, मागल्या दिवसांचे रोजचे चार डॉलर मिळत होते.

'ब्लॅक स्वान' सिनेमावर राबलेले दोन इंटर्न २०११ साली कोर्टात गेले. त्यातल्या एकाची कामं निकालपत्रात लिहिलीत: कचरा टाकणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं, फर्निचर लावणं आणि काढणं, कॉफी करणं. सिनेमानं जगभर तीस कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. २०१३ साली न्यायाधीश म्हणाले, हे कामगारच आहेत. २०१५ साली वरच्या कोर्टानं ते फिरवलं. म्हणे, जास्त फायदा कुणाचा झाला ते तपासा. इंटर्नचा झाला असेल तर पगार नको. कचरा टाकून कचरा टाकणाऱ्याचा फायदा होतो, हे आम्ही हजार वर्षं ऐकतोय. ते त्याला पुण्य म्हणायचे, हे अनुभव म्हणतात.

मी याला वेठ म्हणणार नाही. वेठ आमच्या आज्यांनी जबरीनं केली, आणि महारवतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं. ही हौसेची वेठ. श्रीमंताचं पोरगं फुकट राबतं ते गुंतवणूक म्हणून, ओळखी वसूल करायला. म्हणजे आमच्यासाठी ते कुंपण झालं. ज्याला महिन्याचा पगार लागतो तो दारातच गळतो.

यात तर परदेशी विद्यार्थ्याचा दुहेरी खिसा कापतात. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर असंच काम करता येत नाही. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असली पाहिजे, विद्यापीठाची परवानगी पाहिजे. मग तिचे क्रेडिट घ्या, आणि बऱ्याच ठिकाणी त्या क्रेडिटची फी भरा. म्हणजे फुकट राबायचं आणि राबायची फी वर!

हे मला कुणी सांगितलं? आमच्या मागल्या गल्लीतली एक पोर तिकडं सिनेमा शिकतेय. घर गहाण आहे. व्हॉट्सॲपवर तिनं बोलून पाठवलं: एका एजन्सीत जागा मिळतेय, पगार नाही, नाहीतर कॉलेजच्या लायब्ररीत आठवड्याला वीस तास, पैसे मिळतात. काय करू? मी म्हणालो, लायब्ररी. आणि फोन ठेवल्यावर झोप उडाली. कारण ती लायब्ररीत गेली की पटकथांच्या ढिगासमोर परत त्याच साहेबाचा भाऊ बसणार. तिला खुर्ची सोडायला सांगणारा मी. साला, दोन्हीकडून आपणच मरतो.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर. त्यातून घरी पाठवायचे, पुस्तकं घ्यायचे. त्यांना त्या वेळी कुणी फुकट अनुभव देऊ केला असता तर कोलंबियाचं काय झालं असतं? म्हणून शिष्यवृत्ती मागताना नुसती फी आणि विमानभाडं मागू नका. इंटर्नशिपच्या महिन्यांचा खर्च मागा, बिनपगारी जागेला क्रेडिट देणाऱ्या विद्यापीठांना तुमच्या संघटनांतून जाब विचारा. शिबिरं भरवता ना, मग हे फॉर्म भरायला शिकवा.

आता कुणी म्हणेल, हे मासिक तरी तुला काय देतं? काही देत नाही. पण इथं माझ्या घामावर कुणी इमारत बांधत नाही, आणि छापखान्याचं बिल आपण वर्गणीतून भरतो, ते मागल्या पानावर छापलेलं असतं.

साहेबांना आमचं एकच विचारणं आहे. त्या तीन महिन्यांचं तुमचं घरभाडं किती होतं आणि कुणी भरलं? आकडा पाठवा. पुढच्या अंकात छापू.