होडीत किती माणसं बसतात? – प्रश्नच चुकीचा आहे



घनफळाचा घटक शिकवताना आपण काय करतो? पाण्याची टाकी घेतो, नाहीतर खोकं घेतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. मुलं सूत्र पाठ करतात, उत्तर काढतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पानावर जातो. माझं मत असं आहे की धरण, नदी, खाडी किंवा तलावाकाठच्या शाळेत या घटकाला पहिलं उदाहरण होडीचंच हवं. आणि ते उदाहरण "उत्तर बरोबर आलं" इथे थांबवायचं असेल तर घेऊच नये. होडीच्या बाबतीत बरोबर आलेलं उत्तर माणूस बुडवू शकतं. हे विचित्र वाटेल, म्हणून आधी हिशेबच मांडते.

उजनीच्या फुगवट्यावर मासेमारीला पत्र्याच्या, सपाट तळाच्या लहान होड्या वापरतात. अशी एक होडी धरू. लांबी १२ फूट, रुंदी ४ फूट, कडेची उंची दीड फूट. मीटरमध्ये साधारण ३.६, १.२ आणि ०.४५. गुणाकार केला तर १.९४ घनमीटर, म्हणजे १९४० लिटरच्या आसपास. पण होडी काही सरळ खोकं नसते, दोन्ही टोकं निमुळती आणि वर उचललेली असतात. म्हणून पाऊण धरू, १४५० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मुलांना माहीत असतं. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. म्हणजे होडी आणि तिच्यातला माल मिळून १४५० किलो झाले की पाणी कडेला येऊन टेकणार. होडीचं स्वतःचं वजन १५० धरलं तर उरले १३०० किलो.

इथे वर्गात एक तरी हात वर येतो. "मॅडम, म्हणजे ५० किलोची २६ माणसं!"

भागाकार बरोबर आहे. पण वर्गातलं काठावरचं कुठलंही मूल हे उत्तर ऐकून हसतं, कारण त्याने ती होडी पाहिलेली असते. मला वाटतं शिकवायची खरी जागा हीच आहे. २६ हे उत्तर बरोबर असून खोटं का?

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटारबोटींवर क्षमतेची पाटी लावणं १९७० च्या दशकापासून सक्तीचं आहे. त्या पाटीवर फक्त माणसांचा आकडा नसतो. माणसांचं एकूण वजन किती, आणि माणसं, मोटार, सामान सगळं धरून एकूण किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. बाहेर मोटार लावलेल्या बोटीला तुडुंब बुडवायला जेवढा भार लागेल त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार पाटीवर लिहिता येत नाही. आपल्या होडीला हा नियम लावला तर १३०० चा पाचवा हिस्सा २६० किलो. पाटी नसलेल्या लहान बोटीसाठी तिथे एक सोपा ठोकताळाही सांगतात. फुटांमधली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. बारा चोक अठ्ठेचाळीस, भागिले १५, तीन माणसं. दोन वेगळ्या वाटांनी गेलो तरी जवळपास एकाच ठिकाणी पोचलो. सव्वीस कुठे आणि तीन कुठे!

मग उरलेले हजारभर किलो कुठे गेले? मुलांना हा प्रश्न फार आवडतो, आणि मोठ्यांनीही तो स्वतःला विचारावा. ते हजार किलो म्हणजे होडीची कोरडी कड. पाण्याच्या वर राहिलेली जी उंची असते ती रिकामी जागा नाही, ती वाऱ्यासाठी, लाटेसाठी आणि माणसाच्या हालचालीसाठी राखून ठेवलेली असते. आपण ती जागा मालाने भरतो तेव्हा वाऱ्याचा वाटा आपण खाल्लेला असतो.

आता दुसरा हिशेब, जो मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. होडीच्या तळाचं क्षेत्रफळ काढा. ३.६ गुणिले १.२, म्हणजे ४.३२ चौरस मीटर. होडी एक सेंटीमीटर खाली जायला साधारण ४३ किलो लागतात. ६५ किलोचा एक माणूस चढला तर होडी फक्त दीड सेंटीमीटर खाली जाते. म्हणूनच काठावर "अजून एकाला घे की" असं सहज म्हटलं जातं. दीड सेंटीमीटर डोळ्याला दिसतच नाही. सगळे मधोमध शांत बसलेले असतील आणि पाणी आरशासारखं असेल तर काही होतही नाही. पण मासेमारी करणारा माणूस शांत बसत नाही. तो उभा राहतो, एका कडेला येतो, वाकतो आणि जाळं ओढतो. दोघं एकाच कडेला आले, वर चिखलाने आणि माशांनी जड झालेल्या जाळ्याची ओढ पडली, की ती कड पाच-दहा नाही, पंधरा-वीस सेंटीमीटर खाली जाऊ शकते. हलक्या होडीत तेवढी कड शिल्लक असते. भरलेल्या होडीत नसते. शिवाय भार जितका जास्त आणि जितका उंचावर, तितकी होडीची परत सरळ व्हायची ताकद कमी. म्हणजे मार दोन्हीकडून बसतो.

एका पालकांशी यावर माझं बरंच बोलणं झालं. ते म्हणाले, "मॅडम, सपाट तळाची होडी डुलत नाही. गोल तळाची डुलते. आमची पंचवीस वर्षं चालतीय, काय झालं नाही." मी म्हटलं, "दादा, डुलत नाही हे खरंच आहे." सपाट तळ रुंद असल्यामुळे थोडं कललं तरी होडी लगेच सरळ होते, पायाखाली जमीन असल्यासारखं वाटतं. पण हा भरवसा एका मर्यादेपर्यंतच. एकदा एक कड पाण्याखाली गेली, किंवा दुसऱ्या बाजूचा तळ पाण्याबाहेर आला, की ती आधी सूचना देत नाही. डुलणारी होडी माणसाला सारखी सावध ठेवते. न डुलणारी होडी निवांत करते, हा तिचा गुण आणि हाच तिचा धोका. पंचवीस वर्षांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. तो अनुभव बहुतेक दिवस वारा नसलेल्या पाण्याचा आहे, एवढंच माझं म्हणणं.

उजनीवरच २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागले, सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. सात हा आकडा ऐकून कुणाला फार वाटणार नाही. म्हणूनच "किती माणसं बसतात" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कुठल्या होडीत, किती कड कोरडी ठेवून आणि कुठल्या वाऱ्यात, हे त्याच्यासोबत विचारलं नाही तर आकड्याला अर्थ नाही.

आणि आपण शिक्षकांनी तरी वडोदऱ्याचा हरणी तलाव विसरू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी तिथे सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते. ती मासेमारीची होडी नव्हती, पण चढताना मोजायला हवं होतं ते तेच. सहलीला बोटीत बसायच्या आधी क्षमतेची पाटी कुठे आहे, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पाटी नसेल तर खाली उतरायचा सुद्धा.

वर्गात हे कसं घ्यायचं? मी जेवणाचा आयताकृती प्लॅस्टिकचा डबा घेते आणि एक मोठं टब. मुलांनी आधी डब्याची मापं घ्यायची, तो किती ग्रॅमला बुडेल ते वहीत काढायचं. मग १०० ग्रॅम वाळूच्या पुरचुंड्या एकेक ठेवत जायच्या. शांत पाण्यात मुलांचं उत्तर बऱ्यापैकी जुळतं, आणि ती खूश होतात. नंतर एकाने टबातलं पाणी हाताने हलवायचं. डबा कितीतरी आधी पाणी घेतो. तिसऱ्या वेळी तेवढ्याच वजनाच्या सुट्या गोट्या टाकायच्या. डबा जरा कलला की सगळ्या गोट्या त्याच बाजूला पळतात, आणि खेळ खलास. यावर मी काही बोलत नाही. मुलंच म्हणतात, "क्रेट सरकल्यावर असंच होतं."

गोट्यांच्या प्रयोगावरून पुढे होडीत साचलेल्या पाण्यावर यायचं. तळात फक्त पाच सेंटीमीटर पाणी साचलं, म्हणजे घोट्याच्याही खाली, तर त्याचं वजन किती? ४.३२ गुणिले ०.०५, म्हणजे २१६ किलो. तीन मोठी माणसं! आणि ही तीन माणसं जागेवर बसणारी नाहीत, होडी जिकडे कलेल तिकडेच धावणारी आहेत. एवढा एक गुणाकार केल्यावर होडीतला पाणी उपसायचा डबा किती मोलाचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

काही सहकारी म्हणतात की हा पुढचा विषय आहे, प्लावक बल आणि आर्किमिडीजचं तत्त्व आठवीच्या विज्ञानात येतं, लहान मुलांवर कशाला लादायचं. त्यांना माझा एकच प्रश्न असतो. काठावरचं मूल होडीत कितवीत बसतं? चौथी-पाचवीतली मुलं पहाटे वडिलांबरोबर जाळी काढायला जातात आणि मग शाळेत येतात. आठवीपर्यंत त्यांची तीन-चार वर्षं होडीत गेलेली असतात. "प्लावक बल" हा शब्द थांबू दे आठवीपर्यंत. किलो, लिटर, सेंटीमीटर आणि गुणाकार त्यांना आत्ताच येतो.

पालकांनाही एक सांगायचं आहे. "पोरगं काय वजनाचं?" असं म्हणून त्याला मोजतच नाहीत. २८ किलोचं पोरगं म्हणजे जवळपास माशांनी भरलेला एक क्रेट. क्रेट मधे ठेवतात. पोराला टोकाला बसवतात, आणि जाळ्यात अडकलेली चिलापी सोडवायला तेच कडेवर वाकतं. लाइफ जॅकेट पाहिजेच, त्यात वाद नाही. पण जॅकेट होडी उलटल्यानंतर कामाला येतं. भार त्याच्या आधीची गोष्ट आहे.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, नाहीतर आपण वर्गात बसून शहाणपण सांगतोय असं होईल. जास्त भार कुणी हौसेने घेत नाही. सकाळी भिगवण किंवा इंदापूरच्या मासळी बाजारात लिलावाच्या वेळेत माल पोचला पाहिजे. दोन फेऱ्या म्हणजे दुप्पट डिझेल आणि उतरलेला भाव. इंजिन, डिझेलचा कॅन, बर्फ, जाळी, क्रेट हे सगळं धरलं तर २६० किलोत दोन माणसं आणि थोडीच मासळी बसते. हेही गणित मुलांनी करावं असं मला वाटतं. दुसऱ्या फेरीचा खर्च किती, तो कुणी सोसायचा, मोठी होडी घ्यायला किती हंगाम लागतील. याचं उत्तर शाळेकडे नाही. ते मत्स्य सहकारी संस्थांनी आणि शासनाने शोधायचं आहे. पण प्रश्न आकड्यात मांडलेला असला तर निदान टाळता येत नाही.

रेषेची कल्पना काही माझी नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने जहाजांवर भाराची रेषा मारायचा आग्रह धरला, आणि १८७६ मध्ये तसा कायदा झाला. त्याआधी मालक जहाज वाटेल तितकं भरत आणि खलाशी मरत. मोठ्या जहाजावर ती रेषा आजही असते. आपल्या होडीवर मारायला इंजिनिअर लागत नाही. काठाजवळ, वारा नसताना, होडीत वजन केलेल्या वाळूच्या ५० किलोच्या पाच गोण्या सारख्या पसरून ठेवायच्या. पाणी बाहेरून जिथे येईल तिथे चारी बाजूंनी ऑइलपेंटने पट्टा ओढायचा. मग माणूस, मासे, बर्फ, पोरगं, काहीही चढवा, पट्टा दिसला पाहिजे. मोजायची गरज नाही, वाचता येण्याचीही नाही. आणि वारा सुटला असेल तर पट्टा दिसत असला तरी होडी काठालाच.

वरची सगळी मापं एका विशिष्ट आकाराच्या होडीची आहेत, हे लक्षात ठेवा. विदर्भातल्या शिक्षकांना तलावात आणि वैनगंगेत डोंगा दिसेल. तो अरुंद असतो, त्यामुळे लांबी-रुंदी भागिले १५ हा ठोकताळा त्याला लावू नका. कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटीची ओढ आहे, तिथे पट्टा आणखी खाली लागेल. तुमच्या गावातली होडी मुलांकडून मोजून घ्या. लांबी आणि रुंदी तळाशी एकदा, वरच्या कडेला एकदा, आणि कडेची उंची मधोमध. दोन वेगळी मापं आली की सरासरी काढायचं निमित्त आपोआप मिळतं. टेप मात्र काठावर ओढलेल्या होडीतच धरायचा, पाण्यातल्या नाही.