खरखर आधी घालवा, उशीर नंतर

गेल्या काही वर्षांत बर्मिंगहॅममधल्या आपल्या मराठी घरांत पेटी-तबल्याच्या जोडीला एक नवे वाद्य आले आहे. ते म्हणजे संगणक. वरच्या मजल्यावरची बॉक्स रूम, तिथे एक लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस नावाची वीतभर पेटी, एक माइक आणि हेडफोन. एवढ्या सामानावर आपली मुले-नातवंडे गाणी करतात. पूर्वी ज्या कामासाठी स्टुडिओ तासाच्या भाड्याने घ्यावा लागे, ते काम आता घरात होते. मला याचे मनापासून कौतुक आहे.

पण हे सामान ज्या घरात आहे, तिथे दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, तबल्यावर थाप मारली की हेडफोनमध्ये ती मागाहून येते. दोन, मध्येच रेडिओचे स्टेशन हलल्यासारखी खरखर येते. यावर आपण वडीलधारी मंडळी दोनच सल्ले देतो: "नवा लॅपटॉप घे", नाहीतर "आधी तालात वाजवायला शीक". पहिल्या सल्ल्याने खिसा रिकामा होतो आणि दुसऱ्याने मूल हिरमुसते. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. सिग्नल हा विषय मी आयुष्यभर शिकवला, म्हणून हे जरा ठामपणे सांगतो. उशीर आणि खरखर हे दोन वेगळे रोग नाहीत, एकाच तराजूची ती दोन पारडी आहेत. कोणते पारडे केव्हा जड ठेवायचे, हे कळले की निम्म्याहून अधिक काम फुकटात होते.

पंगतीचे उदाहरण घेऊ. आत पोळ्या लाटल्या जात आहेत, बाहेर पंगत बसली आहे. वाढणारा प्रत्येक पोळी तव्यावरून उतरताच घेऊन धावला, तर पान पटकन वाढले जाते. पण आत लाटणारीचा हात क्षणभर थांबला, तर बाहेर एखादे पान रिकामे राहते. उलट, वाढणाऱ्याने वीस पोळ्यांची चळत झाल्यावरच बाहेर यायचे ठरवले, तर पान कधी रिकामे राहत नाही, पण पहिली पोळी उशिरा येते. संगणकातली ही चळत म्हणजे बफर. चळत मोठी केली की उशीर होतो आणि लहान केली की खरखर होते. खरखर म्हणजे रिकामे पान. आवाजाची पुढची चळत वेळेत आली नाही, आणि इंटरफेस तर कुणासाठी थांबत नाही.

आता थोडे आकडे. ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला साधारण 48,000 नमुने घेतले जातात. बफर 1024 नमुन्यांचा असेल तर एक चळत भरायला सुमारे 21 मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक चळत आणि बाहेर जाताना दुसरी, म्हणजे झाले 43 मिलिसेकंद. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे आपलाच तबला पंधरा मीटरवर बसून ऐकावा तसे हे झाले. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा आणि मात्रेत चार बोल धरले, तर दोन बोलांमधले अंतर 62 मिलिसेकंदांच्या आसपास येते. त्यात 43 मिलिसेकंदांचा उशीर! अशा हेडफोनवर मुरलेला तबलजीही अडखळेल, मग बारा वर्षांच्या नातवाला बोल लावण्यात काय अर्थ आहे? बफर 128 वर आणला तर हाच हिशेब पाच-सहा मिलिसेकंदांवर येतो. इंटरफेस आणि ड्रायव्हर त्यात थोडी भर घालतात, पण तेवढ्याने हाताला सहसा त्रास होत नाही. आपल्या सिंफनी हॉलच्या मंचावर एका टोकाच्या वादकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तिथे निदान सर्वांची नजर कंडक्टरच्या हातावर असते.

उपाय करण्याआधी खरखर कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. मुद्रण झालेला भाग दोनदा ऐका. खरखर दोन्ही वेळा त्याच जागी आली, तर ती मुद्रणातच शिरली आहे. जागा बदलली, तर मुद्रण शाबूत आहे, फक्त ऐकवताना संगणक धापा टाकतो आहे. खरखर केवळ वरच्या सुराला, मोठ्या आवाजाला येत असेल, तर तो बफरचा दोष नाही. माइकची पातळी जास्त ठेवली आहे, ती उतरवा. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला म्हणजे पुरे. आणि वायर हलवली की खरखर होत असेल, तर सात-आठ पौंडांची वायर बदला, सातशे पौंडांचा लॅपटॉप नव्हे.

बाकीच्या गोष्टी कोणालाही घरी करता येतील. ब्लूटूथचे हेडफोन काढून ठेवा. त्यांच्यात 100 ते 200 मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो, बफर कितीही लहान केला तरी तो जात नाही. वायरचे हेडफोन वापरा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर घाला. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने 1997 मध्ये आणलेली ही पद्धत नेमकी याच दुखण्यासाठी आहे. मॅकवर ही सोय मुळातच असते. इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, वीज वाचवण्याची सेटिंग बंद करा. मुद्रणापुरते वाय-फाय आणि मागे चालणारे बॅकअप थांबवा. इंटरफेस 44,100 वर आणि प्रकल्प 48,000 वर असा विसंवाद नाही ना, तेही पाहा. आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असे बटण असेल तर ते जरूर वापरा. त्यामुळे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकात न शिरता थेट ऐकू येतो, मग बफर मोठा असला तरी हरकत नाही.

आता माझा खरा मुद्दा. उशीर वाजवणाऱ्याला छळतो हे खरे, पण मुद्रणाचे तो कायमचे नुकसान करत नाही. मागे पडलेला आवाज नंतर पुढे सरकवता येतो आणि बरीच सॉफ्टवेअर तर हे आपोआप करतात. खरखरीत हरवलेले नमुने मात्र परत येत नाहीत. ते कधी नोंदलेच गेले नाहीत. नातू तबला पुन्हा वाजवू शकतो. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजी तीच ओवी त्याच आवाजात पुन्हा म्हणतील, याची खात्री कोण देणार?

आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीकडे पाळणे आहेत, भोंडल्याची गाणी आहेत, घरोघरच्या वेगळ्या चालींच्या आरत्या आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. यातले बरेच कुठे छापलेले नाही आणि चाल तर कागदावर उतरतही नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात त्यांपैकी अनेकींचे आवाज टेपवर घेतले गेले, म्हणून आज ते ऐकता येतात. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली साधने आहेत, आणि आपण ती लॅग कमी करण्याच्या नादात कपाटात ठेवून देतो. एकट्या आवाजाला मागे ट्रॅक नसतो, त्यामुळे उशिराचा प्रश्नच येत नाही. बफर बिनदिक्कत 1024 वर न्या. फ्रिजपासून लांबची खोली निवडा, भिंतीवर गोधडी टांगा आणि आजींना बोलते करा. इंटरफेस नसेल तर फोनवर घ्या, पण घ्या.

काही ज्येष्ठांना भीती वाटते की मुले या गाण्यांना बीट लावून त्यांची वाट लावतील. लावू द्यावे, असे माझे मत आहे. याच शहरात वाढलेल्या बॅली सागूंनी 1994 च्या 'बॉलिवूड फ्लॅशबॅक'मध्ये जुन्या हिंदी गाण्यांना नवा ठेका दिला, आणि इथल्या कितीतरी मुलांना ती गाणी त्यातूनच कळली. अट एकच: मूळ मुद्रणाला हात लावायचा नाही. वेव्ह फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कोणी म्हटले, मूळ गाव कोणते, तारीख कोणती, हे सुरुवातीला तोंडी बोलून घ्या. प्रयोग काय करायचे ते प्रतीवर करा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने साधणार नाही. पुण्याची मावशी आणि बर्मिंगहॅमची भाची यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र आरती म्हणणे जमत नाही, हे आपण 2020 च्या टाळेबंदीत अनुभवले. अंतर सात हजार किलोमीटरहून अधिक आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन 70 मिलिसेकंद केवळ भूगोलाचे, वर इंटरनेटची वळणे आहेतच. तिथे एकाने गाऊन पाठवावे आणि दुसऱ्याने त्यावर गावे. एकत्र टाळ्या वाजवायला एका खोलीतच बसावे लागते.

म्हणून मंडळाच्या समितीला माझी सूचना आहे. कार्यक्रमांसाठी आणखी मोठे स्पीकर घेण्याआधी एक साधा इंटरफेस, दोन माइक आणि वायरचे हेडफोन असा संच घ्यावा आणि तो वाचनालयातल्या पुस्तकासारखा घरोघरी फिरवावा. तो चालवायला आपली सोळा-सतरा वर्षांची मुले जावीत. त्यांना यंत्र कळते, आजींना गाणे कळते. दोघांना एका खोलीत तासभर बसायला निमित्त हवे, ते यातून मिळेल. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली, तर पुढच्या अंकापर्यंत वीस-पंचवीस घरे सहज होतील. नवरात्रातल्या भोंडल्याची वाट पाहत बसू नये.