वाडी ते खडकी

यंदाचा दिवाळी अंक आम्ही उद्योगी घराण्यांना वाहिला आहे. साहित्याच्या अंकात कारखानदार कशाला, असे कुणी विचारील. मराठी मासिकांवर एका कारखान्याचे मोठे ऋण आहे. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला. पुढच्याच वर्षी, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारायला घेतला. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही आली. लोखंडी नांगर घडवणाऱ्या माणसांनी आपल्या आजी-पणजीच्या हाती वाचायला मासिक दिले.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्याबद्दल येथे मुद्दाम लिहायचे आहे. ‘बापाच्या गादीवर बसले, त्यात काय मोठे?’ हा आपल्याकडचा आवडता शेरा. पण 1903 साली ते जन्मले तेव्हा घरात गादी नव्हतीच. वडील शिक्षकाची नोकरी सोडून धंद्यात धडपडत होते. वाडी वसली तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. कारखाना आणि तो बरोबरच वाढले. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीतून 1926 साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन शंतनुराव परतले ते वाडीच्याच कारखान्यात.

नांगराचा जम बसलेला होता. त्यावर आयुष्य सुखाने गेले असते. पण 1946 साली त्यांनी पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय. त्या काळी विहिरीवर मोट चालायची. बैलजोडी आणि माणूस दिवसभर धावेवर मागे-पुढे करत, तेव्हा कुठे थोडे रान भिजे. पंप होते, पण खेड्यात वीज नव्हती. पंप फिरवायला इंजिन हवे होते, तेही परवडणारे आणि गावातल्या मिस्त्रीला उघडता-जोडता येईल असे. नांगराचे गिऱ्हाईक तेच इंजिनाचे गिऱ्हाईक, हे त्यांनी ओळखले. वडिलांचा माल पुढे विकत राहणे वेगळे आणि वडिलांच्या गिऱ्हाइकाची पुढची गरज ओळखणे वेगळे. दुसरे ज्याला जमते, त्यालाच आम्ही वारस म्हणू.

दोन वर्षांत, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्यालाही आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. ज्या मुलखात हे घडले तिथेच पुन्हा माणसे कामावर घ्यायची, तिथल्याच शेतकऱ्याला माल विकायचा, याला पैशापेक्षा निराळी श्रीमंती लागते.

पुढची वर्षे परवान्यांची. किती माल काढायचा हे कारखानदाराने नव्हे, दिल्लीने ठरवायचे. शंतनुराव याविरुद्ध उघड बोलत राहिले. नफा हा शब्द सभेत खाली मान घालून उच्चारायच्या काळात तो त्यांनी ताठ मानेने उच्चारला. 1965 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांची सगळी आर्थिक मते आम्हाला पटतात असे नाही. कामगाराचा वाटा या प्रश्नाचे उत्तर केवळ उत्पादनवाढीत आहे, असे आम्ही मानत नाही. पण सरकारकडून परवाना घ्यायचा असताना सरकारला सुनावणारे कारखानदार किती होते?

1994 साली ते गेले. पुढच्या पिढ्यांत 2009 साली कौटुंबिक करार झाला आणि त्यावरून भावाभावांतला वाद कोर्टात गेला. घराण्याचा इतिहास लिहिताना ही बाजू गाळणे आम्हाला योग्य वाटत नाही. भागभांडवल वाटता येते, अध्यक्षाची खुर्चीही देता येते. 1946 साली खडकीला जाण्याची उमेद मात्र मृत्युपत्रात लिहून ठेवता येत नाही.

मराठीत संतांची, नटांची, क्रांतिकारकांची चरित्रे उदंड आहेत. ओतशाळेत वाढलेल्या आणि संचालक मंडळाच्या बैठकीत केस पांढरे झालेल्या माणसांची फार थोडी. पुढची पाने त्यांच्यासाठी राखली आहेत. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा आटोपली की ती जरूर वाचा, आणि आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या कारखान्याची हकीकत ठाऊक असेल तर आम्हाला लिहून पाठवा.