निपाणीत दडलेले शब्द

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचा खेळ आपण सगळेच मोबाईलवर खेळतो. एन-आय-पी-ए-एन-आय घ्या: पिन, पॅन, नॅप मिळतात, वेदनेचा 'पेन'सुद्धा! मग हाच खेळ मराठीत का नाही? इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत एकट्या 'ई'च्या १२ आहेत. तिथे स्वर सुटे असतात. आपल्याकडे काना-वेलांटी अक्षराला चिकटलेली, म्हणून अवघड वाटतं. माझं म्हणणं, त्या सुट्या करा. मग 'निपाणी'तून पाणी, पान, नाणी निघतात. तंबाखूच्या गावाला पान आणि नाणी शोभतातच की! शब्द शोधून देणारं ॲप मात्र नको, मजाच जाते. आपल्या मंडळाने पुठ्ठ्याच्या सोंगट्या कापाव्यात. सीमेवर मराठी टिकवायची तर तिच्याशी खेळायलाही हवं.