हृदयविभागाची वाट आयसीयूतच का संपावी?

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात राहणाऱ्या, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या एखाद्या मुलीने हृदयरुग्णांची सेवा हेच करिअर करायचं ठरवलं, तर तिने फॉर्म कशाचा भरायचा? एक वर्षाचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम आहे. एम.एस्सी. नर्सिंग आहे, पण ती केलेल्या बऱ्याच जणी पुढे रुग्णाच्या खाटेपाशी न राहता कॉलेजात शिकवू लागतात. रुग्णासोबतच राहून जास्त अधिकाराने काम करायचं, तर नर्स प्रॅक्टिशनरचा मार्ग उरतो.

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आखला. त्यात वर्गातल्या तासांपेक्षा वॉर्डातलं काम कितीतरी जास्त. पुढे प्रसूतिसेवेसाठी वेगळा अभ्यासक्रम आला. हृदयासाठी मात्र नाही. त्यामुळे या मुलीच्या वाट्याला आपसूक आयसीयू येतो.

अमेरिकेतही ‘कार्डिओलॉजी’ नावाचा मूळ ट्रॅक नाही. तिथे १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं, तेही मुलांच्या आरोग्यासाठी. आज हृदयाकडे वळणाऱ्या नर्सपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. प्रौढांच्या तातडीच्या सेवेचा ट्रॅक घेतला, तर सीसीयू आणि शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण. फॅमिली किंवा प्राथमिक सेवेचा घेतला, तर ओपीडी, रक्तदाब आणि वर्षानुवर्षांची औषधं. निदान निवड तरी तिच्या हातात असते.

दोन्ही कामांचा पिंडच वेगळा. हार्ट अटॅकचा रुग्ण आला की इसीजी लगेच वाचावा लागतो आणि कॅथलॅब वेळेत सज्ज करावी लागते, कारण रक्तवाहिनी जितकी उशिरा उघडेल तितका स्नायू मरतो. हार्ट फेल्युअरचा रुग्ण मात्र घरी जातो, मीठ खातो, पाण्याची गोळी विसरतो आणि पाय सुजले की परत दाखल होतो. त्याचं रोजचं वजन विचारणारं, डोस कमीजास्त करायला डॉक्टरांना वेळीच सांगणारं माणूस लागतं.

हे काम नर्स उत्तम करते, याला पुरावा आहे. ग्लासगोमध्ये १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात तज्ज्ञ नर्सनी घरी जाऊन आणि फोनवरून पाठपुरावा केला. हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण त्याने घटलं.

ज्या मुलीला मॉनिटरचा आवाज, नाइट ड्यूटी आणि झटपट निर्णय मानवतात, तिने क्रिटिकल केअर खुशाल निवडावं. हृदयविभागात ते शिक्षण वाया जात नाही. पण प्रवेश घेण्याआधी संस्थेला दोन प्रश्न विचारावेत: किती महिने प्रत्यक्ष हृदयविभागात मिळतील, आणि पास झाल्यावर कोणत्या पदनामावर नेमणूक होईल? पगार आणि अधिकार स्टाफ नर्सचेच राहणार असतील, तर दोन वर्षांची मेहनत कशाला?

खरी जबाबदारी सरकारची. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. त्या चौकटीत दीर्घकालीन हृदयसेवेचा दुसरा ट्रॅक आखायला हवा. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तोवर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नर्स प्रॅक्टिशनरची स्वतंत्र पदं मंजूर करावीत आणि नर्सने चालवलेली हार्ट फेल्युअरची ओपीडी आठवड्यातून एक दिवस तरी सुरू करावी.